बुद्धिबळाच्या पटावरील संख्या : १८४४६७४४०७३७०९५५१६१५ या पूर्णांकाचे गणिती स्वरूप

प्रस्तावना

बुद्धिबळाचा खेळ रचणाऱ्या विद्वानाला राजाने हवे ते बक्षीस मागण्यास सांगितले. त्याने पटाच्या पहिल्या घरासाठी गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी चार, याप्रमाणे चौसष्टाव्या घरापर्यंत दुप्पट होत जाणारे दाणे मागितले. राजा प्रथम हसला व नंतर त्याचे कोठार रिते झाले, ही कथा शालेय वयापासून सर्वांच्या परिचयाची आहे. कथेतील विद्वान भारतीय असला तरी तिचा जुना लिखित आढळ मुख्यतः अरबी ग्रंथकारांकडे होतो. तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न खल्लिकान याने ती सविस्तर सांगितली आहे व विद्वानाचे नाव सिस्सा असे दिले आहे. त्याच्याही आधी, इसवी सन १००० च्या सुमारास, अल्-बिरूनी याने दाण्यांची एकूण संख्या शेवटच्या अंकापर्यंत अचूक काढून दाखविली होती. ती संख्या अशी :

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

सामान्यतः या संख्येचा उल्लेख केवळ तिच्या अवाढव्यपणासाठी केला जातो आणि कथा संपताच संख्याही विसरली जाते. वास्तविक तिचा मोठेपणा हा तिच्या गुणधर्मांपैकी सर्वांत सामान्य गुणधर्म होय. तिच्याहून मोठ्या संख्या हव्या तितक्या लिहिता येतात. परंतु छंदःशास्त्र, भूमिती, मूळ संख्यांचा शोध आणि आजचे संगणक या चार परस्परांपासून दूर असलेल्या विषयांच्या वाटा जिच्यापाशी एकत्र येतात अशी दुसरी वीस अंकी संख्या सापडणे अवघड आहे. प्रस्तुत लेखात तिची अंतर्गत रचना उलगडून दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

वाचन व परिमाण

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एकापासून परार्धापर्यंत दशगुणोत्तर अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या त्या यादीच्याही पलीकडे जाते. तिचे वाचन करावयाचे झाल्यास १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश आणि ५ असे करावे लागेल. निखर्व व कोटी या दोन स्थानी शून्य आहे.

गव्हाच्या एक हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम धरल्यास या सर्व दाण्यांचे वजन सुमारे ७३,७८७ कोटी टन भरते. जगाचे गव्हाचे वार्षिक उत्पादन अलीकडच्या काळात ८० कोटी टनांच्या आसपास असते. म्हणजे सर्व पृथ्वीचे सुमारे ९२० वर्षांचे पीक एका पटासाठी लागेल. मात्र पटाच्या पहिल्या अर्ध्या भागावर, म्हणजे ३२ घरांत, केवळ ४,२९,४९,६७,२९५ दाणे मावतात व त्यांचे वजन सुमारे १७२ टन होते. एवढा गहू कोणत्याही राजाने सहज दिला असता. राजाची फसगत झाली ती पटाच्या दुसऱ्या अर्ध्यात. प्रत्येक घरात आधीच्या सर्व घरांच्या बेरजेहून बरोबर एक दाणा अधिक असतो, त्यामुळे एकट्या चौसष्टाव्या घराचा हिशेब उरलेल्या ६३ घरांच्या एकत्रित हिशेबाला मागे टाकतो.

हीच संख्या काशीच्या एका कल्पित मंदिराशीही जोडली गेली आहे. फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांनी १८८३ साली तीन खुंट्या व लहानमोठ्या चकत्या यांचे एक खेळणे प्रसिद्ध केले. मोठी चकती लहान चकतीवर न ठेवता व एका वेळी एकच चकती उचलून सर्व चकत्या दुसऱ्या खुंटीवर न्यावयाच्या, हा त्याचा नियम. चकत्या तीन असल्यास किमान ७ हालचाली लागतात, चार असल्यास १५, आणि ६४ असल्यास आपली संख्या. काशीच्या मंदिरात पुजारी अशा ६४ सुवर्णचकत्या अहोरात्र हलवीत असून काम पुरे होताच जगाचा अंत होईल, ही दंतकथा या खेळण्याबरोबरच फ्रान्समध्ये पसरली. काशीला तिचा पत्ता नाही. प्रत्येक सेकंदाला एक हालचाल धरल्यास पुजाऱ्यांना सुमारे ५८,४५४ कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय आज सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते.

गणनाची रीत

चौसष्ट घरांची बेरीज करण्यासाठी चौसष्ट वेळा दुप्पट करून चौसष्ट संख्या मिळविण्याची आवश्यकता नाही. बेरजेत एक दाणा मिळविला की ती दोनाचा ६४ वा घात होते. म्हणून तो घात काढून एक वजा केला की काम भागते. घात काढण्याची संक्षिप्त रीत भारतात गणितग्रंथांच्याही आधी छंदःशास्त्रात आढळते. पद्याच्या चरणातील प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असते. त्यामुळे न अक्षरांच्या चरणाचे एकूण प्रकार दोनाच्या न व्या घाताइतके होतात. पिंगलाच्या छंदःसूत्रात, इसवी सनापूर्वीच्या काही शतकांत, यासाठी पुढील रीत सांगितली आहे. घातांक सम असल्यास त्याचे अर्ध करून ‘दोन’ ही खूण लिहावी. विषम असल्यास एक वजा करून ‘शून्य’ ही खूण लिहावी. घातांक संपल्यावर एकापासून आरंभ करून खुणा उलट क्रमाने वाचाव्यात : शून्य आल्यास दुप्पट, दोन आल्यास वर्ग.

चौसष्ट या घातांकाला ही रीत फार सोयीची पडते. ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशी सहा वेळा अर्धी करता येतात आणि शेवटी एकदाच शून्य येते. म्हणून उलट येताना एकदा दुप्पट व सहा वेळा वर्ग करावा लागतो :

२, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, १८४४६७४४०७३७०९५५१६१६

अल्-बिरूनीचे गणितही अशाच वारंवार वर्ग करण्यावर आधारलेले होते. शेवटचा गुणाकार कागदावर करण्यास अर्धा तास पुरतो.

भास्कराचार्यांनी हीच रीत भूमिती श्रेढीच्या बेरजेसाठी ‘लीलावती’त दिली असून पुढे एक उदाहरण घातले आहे. एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या देऊन पुढे रोज दुप्पट देण्याचे वचन दिले, तर एका महिन्यात तो किती निष्क देईल? येथे पदांची संख्या, म्हणजे गच्छ, ३० आहे. रीतीप्रमाणे येणाऱ्या पायऱ्या २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८, १०७३७४१८२४ अशा होत. शेवटच्या संख्येतून एक वजा करून आरंभीच्या दोन या पदाने गुणले की २,१४,७४,८३,६४६ कवड्या हे उत्तर मिळते. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म व सोळा द्रम्मांचा निष्क, या ग्रंथातील कोष्टकाप्रमाणे ते १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी व ६ कवड्या एवढे होते. या उत्तराची पुन्हा गाठ पडणार असल्याने ते ध्यानी ठेवणे इष्ट.

अवयव

वीस अंकी संख्येचे मूळ अवयव काढणे हे साधारणपणे कष्टाचे काम असते. येथे मात्र पटच मार्ग दाखवितो. पहिल्या दोन घरांत मिळून ३ दाणे आहेत. पुढील दोन घरांत त्याच आकृतीची चौपट आहे. म्हणून चार घरांत ३ च्या ५ पट, म्हणजे १५ दाणे. पुढील चार घरे पहिल्या चारांच्या १६ पट असल्याने एका पूर्ण ओळीत १५ च्या १७ पट, म्हणजे २५५ दाणे. दोन ओळींत २५५ च्या २५७ पट, चार ओळींत त्याच्याही ६५५३७ पट आणि संपूर्ण पटावर त्याच्या ४२९४९६७२९७ पट दाणे होतात. यामागे एकच परिचित नित्यसमानता आहे : क्ष चा वर्ग वजा १ म्हणजे (क्ष − १) गुणिले (क्ष + १). ती पुन्हापुन्हा लावली की पुढील मांडणी मिळते :

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

उजव्या बाजूच्या सहाही संख्या एका प्रसिद्ध कुळातील आहेत. दोनाचा घात घ्यावयाचा, तो घातांकही दोनाचाच घात असावा, आणि उत्तरात एक मिळवावा. अशा संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. कोणत्याही दोन फर्मा संख्यांना एकाखेरीज सामाईक विभाजक नसतो. फ्रेंच न्यायाधिकारी व गणिती पिएर द फर्मा यांनी १६४० साली या सर्व संख्या मूळ असाव्यात असे मत व्यक्त केले. पहिल्या पाच संख्यांबाबत ते खरे आहे. सहावी संख्या, म्हणजे पटाच्या दोन अर्ध्यांना जोडणारी ४२९४९६७२९७, हीच नेमकी त्यांच्या मताला अपवाद निघाली. १७३२ साली लेओनहार्ट ऑयलर यांनी तिचे अवयव दाखवून दिले :

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

ऑयलर यांनी असंख्य भागाकार केले असतील असा समज होण्याचा संभव आहे. तसे ते नव्हते. या संख्येला जी मूळ संख्या भाग घालील तिला ६४ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे, हे त्यांनी सिद्ध केले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा येतात. त्यांपैकी २५७ ही स्वतः फर्मा संख्या असल्याने ती वगळावी लागते. मग उरतात चारच भागाकार, आणि चौथा नि:शेष जातो. विशेष म्हणजे ही अट फर्मा यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिद्धांतावरून सहज निघते. हाताशी साधन असताना एवढ्या मोठ्या गणितज्ञाकडून ही चूक कशी राहून गेली, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. बहुधा एखाद्या भागाकारातील हातच्याने घात केला असावा.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही पटविता येते. ६४१ ही संख्या दोन प्रकारे लिहिता येते : ५ गुणिले १२८ अधिक १, आणि ६२५ अधिक १६. पहिल्या प्रकारावरून ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यास बाकी वजा १ येते. त्याचा चौथा घात घेतला की ६२५ गुणिले दोनाचा २८ वा घात याची बाकी १ येते. दुसऱ्या प्रकारावरून ६२५ च्या जागी वजा १६ ठेवता येतात. १६ म्हणजे दोनाचा चौथा घात. तेव्हा वजा दोनाचा ३२ वा घात याची बाकी १ येते, म्हणजेच दोनाचा ३२ वा घात अधिक १ याला ६४१ ने नि:शेष भाग जातो. केवळ काही ओळींत संपणारी ही सिद्धता अंकगणितातील देखण्या सिद्धतांपैकी एक गणली जाते.

६७००४१७ ही संख्या मूळ आहे. तेव्हा पटावरील संख्येचे मूळ अवयव सात, सर्व भिन्न व प्रत्येक एकदाच आलेला. म्हणून तिच्या विभाजकांची संख्या दोनाचा सातवा घात, म्हणजे १२८ ठरते. अर्धा पट घेतल्यास अवयव पाच व विभाजक ३२. ही तफावत वरवर किरकोळ दिसते, परंतु भूमितीत तिचे मोठे परिणाम होतात.

सुसम बहुभुज आणि मेरुप्रस्तार

केवळ पट्टी व कंपास वापरून समभुज त्रिकोण, चौरस व सुसम पंचकोन काढता येतात, हे ग्रीकांना ज्ञात होते. सप्तकोन मात्र कोणालाही काढता आला नाही. त्यापुढे दोन हजार वर्षे हा प्रश्न तेथेच राहिला. ३० मार्च १७९६ रोजी, वयाला एकोणीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी सुसम सतराकोन काढता येतो हे सिद्ध केले. १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी व्यापक अट दिली आणि १८३७ साली पिएर वांत्झेल यांनी ती अट आवश्यकही असल्याचे सिद्ध केले. बाजूंची संख्या विषम असेल तर ती भिन्न फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे, अशी ती अट आहे. सप्तकोन का निघत नाही याचेही उत्तर त्यात मिळते.

आजवर फर्मा मूळ संख्या पाचच ज्ञात आहेत : ३, ५, १७, २५७ व ६५५३७. त्यांच्या गुणाकारांनी असे विषम बाजूंचे ३१ बहुभुज होतात. सर्वांत मोठा पाचही संख्यांच्या गुणाकाराचा, म्हणजे ४२९४९६७२९५ बाजूंचा. ही संख्या म्हणजे पटाच्या पहिल्या अर्ध्या भागावरील दाणे होत. राजाने जेवढे दाणे सहज दिले असते तेवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज तत्त्वतः पट्टी-कंपासाने काढता येतो. संपूर्ण पटावरील दाण्यांएवढ्या बाजूंचा बहुभुज मात्र काढता येत नाही, कारण त्या संख्येत ६४१ आहे व ६४१ ही फर्मा संख्या नाही. ‘तत्त्वतः’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ६५५३७ बाजूंच्या बहुभुजाच्या रचनेवर जर्मनीतील हर्मेस यांनी सुमारे दहा वर्षे खर्च केली व १८९४ च्या सुमारास त्याचे भलेमोठे हस्तलिखित पुरे केले. ते आजही गटिंगेन येथे आहे. त्याचा उपयोग कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

हे सर्व ३२ विभाजक (एक धरून) आणखी एका अनपेक्षित ठिकाणी क्रमवार उभे असलेले दिसतात. त्यासाठी पुन्हा पिंगलाकडे जावे लागते. न अक्षरांच्या चरणात एक गुरू असलेले प्रकार किती, दोन गुरू असलेले किती, हे सांगण्यासाठी दहाव्या शतकातील टीकाकार हलायुध याने मेरुप्रस्तार सविस्तर समजावून दिला आहे. वर एक, खाली एक-एक, त्याखाली १ २ १, त्याखाली १ ३ ३ १ आणि प्रत्येक अंक वरच्या दोन अंकांची बेरीज, अशी ही रचना पुढे युरोपात पास्कलचा त्रिकोण म्हणून प्रसिद्ध झाली. या मेरूतील प्रत्येक विषम अंकाच्या जागी १ व सम अंकाच्या जागी ० लिहून ओळी द्विमान पद्धतीने वाचल्या, तर काय मिळते हे पाहण्याजोगे आहे :

१ म्हणजे १
११ म्हणजे ३
१०१ म्हणजे ५
११११ म्हणजे १५
१०००१ म्हणजे १७
११००११ म्हणजे ५१
१०१०१०१ म्हणजे ८५
११११११११ म्हणजे २५५

नववी ओळ २५७ देते. पहिल्या बत्तीस ओळींतून आरंभीचा एक व त्यामागोमाग गाउस यांचे एकतीस बहुभुज, लहानापासून मोठ्यापर्यंत, एकही न वगळता येतात. बत्तिसाव्या ओळीतील सर्व अंक विषम आहेत, म्हणून ती अर्धा पट देते. चौसष्टाव्या ओळीतील चौसष्टही अंक विषम आहेत. द्विमान पद्धतीत तेथे ओळीने चौसष्ट एक उभे राहतात, आणि ती आपली संख्या होय.

याचे कारण शोधणे फारसे अवघड नाही. मेरूची ओळ म्हणजे (१ + क्ष) च्या घाताचे सहगुणक. (१ + क्ष) चा वर्ग केल्यास मधले पद २क्ष येते व सम असल्याने आपल्या नियमाप्रमाणे शून्य होते, उरते १ अधिक क्ष चा वर्ग. पुन्हा वर्ग केल्यास १ अधिक क्ष चा चौथा घात. अशा प्रत्येक पायरीवर क्ष च्या जागी २ ठेवले की ३, ५, १७, २५७ या फर्मा संख्या मिळतात. इतर ओळी या पायऱ्यांच्या गुणाकारातून तयार होतात व त्या गुणाकारांत कधीही हातचा येत नाही. बत्तिसाव्या ओळीपुढेही नियम तोच चालतो, परंतु तेहतिसाव्या ओळीत ४२९४९६७२९७ येते आणि ती मूळ नसल्याने बहुभुजांशी असलेला संबंध तुटतो. छंदाच्या मेरूला ऑयलर यांच्या ६४१ ची जाणीव असण्याचे कारण नाही. तुटण्याची जागा मात्र दोन्हीकडे तंतोतंत एक आहे.

संगणकातील स्थान

संगणक लघू-गुरूंप्रमाणेच शून्य व एक या दोन खुणांवर चालतो. आजच्या बहुतेक संगणकांत एका संख्येसाठी ६४ स्थाने ठेवलेली असतात. चौसष्टही स्थानी एक लिहिला की ऋण संख्या न धरता मावणारी सर्वांत मोठी संख्या तयार होते व ती अर्थातच पटावरील संख्या असते. तिच्यात एक मिळविल्यास गाडीच्या अंतरमापकाप्रमाणे सर्व स्थाने शून्य होतात. यंत्र याबद्दल आपणहून कोणतीही सूचना देईलच असे नाही.

मर्यादा ओलांडल्याचे परिणाम काल्पनिक नाहीत. ४ जून १९९६ रोजी युरोपचे आरियान ५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झाले. एक राशी ६४ स्थानांच्या रूपातून १६ स्थानांच्या पूर्णांकात उतरविताना ती ३२७६७ या मर्यादेत मावली नाही, हे त्याचे कारण होते. दुसरी मर्यादा कालगणनेची आहे. अनेक संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवितात. जुन्या प्रणालींत त्यासाठी ३२ स्थाने आहेत, पैकी एक धन-ऋण चिन्हासाठी. त्यांत मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७ हा आहे. भास्कराचार्यांच्या दात्याने महिनाभरात दिलेल्या कवड्यांहून तो बरोबर एकाने अधिक आहे. दात्याने दोन कवड्यांनी आरंभ केला. एका कवडीने आरंभ करून एकतीस दिवस दिल्या असत्या तर दोन्ही संख्या एकच झाल्या असत्या. भारतीय प्रमाणवेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ६ सेकंदांनी या घड्याळात लीलावतीतील उत्तर दिसेल. पुढच्या सेकंदाला मर्यादा गाठली जाईल आणि त्याच्या पुढच्या सेकंदाला सुधारणा न केलेली यंत्रे १३ डिसेंबर १९०१ ही तारीख दाखवू लागतील. नव्या प्रणाली यासाठी ६४ स्थाने वापरतात. चिन्हाचे एक स्थान सोडूनही त्या सुमारे २९,२२७ कोटी वर्षे पुरतील, म्हणजे काशीच्या कल्पित पुजाऱ्यांचे काम अर्ध्यावर येईपर्यंत.

शेजारच्या संख्या

पटावरील संख्येचे अवयव इतक्या सुलभतेने मिळतात म्हणून तिच्या आसपासच्या संख्याही तशाच असतील असे नाही. तिच्या खाली सर्वांत जवळची मूळ संख्या १८४४६७४४०७३७०९५५१५५७ ही आहे व वर सर्वांत जवळची १८४४६७४४०७३७०९५५१६२९. या दोहोंच्या मधल्या ७१ संख्यांत एकही मूळ नाही. लगतची पुढची संख्या, दोनाचा ६४ वा घात, तिला दोनाशिवाय मूळ अवयवच नाही. त्याच्याही पुढची, म्हणजे पटावरील संख्येत दोन मिळवून होणारी १८४४६७४४०७३७०९५५१६१७, ही सातवी फर्मा संख्या. तेथे पटाची आकृती काहीही मदत करीत नाही. ऑयलर यांच्यानंतर जवळजवळ दीड शतकाने, १८८० साली, ऐंशी ओलांडलेल्या फ्रेंच गणिती फोर्तुने लांद्री यांनी तिचे अवयव प्रसिद्ध केले :

१८४४६७४४०७३७०९५५१६१७ = २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१

थॉमस क्लाउसेन यांनी १८५५ साली गाउस यांना लिहिलेल्या पत्रात हेच अवयव आधी दिले होते, हे पुढे विसाव्या शतकात उजेडात आले.

त्यापुढच्या फर्मा संख्या झपाट्याने वाढतात. एखादी संख्या संयुक्त आहे हे कळणे आणि तिचे अवयव हाती येणे यांतील अंतर तेथे स्पष्ट होते. फ्रेंच गणिती पेपँ यांनी १८७७ साली दिलेल्या कसोटीने फर्मा संख्या मूळ आहे की नाही हे अवयव न काढता ठरविता येते. दोनाचा १०४८५७६ वा घात अधिक एक आणि दोनाचा १६७७७२१६ वा घात अधिक एक या दोन संख्या मूळ नाहीत हे अशा रीतीने निश्चित झाले आहे, पण त्यांपैकी कोणाचाही एकसुद्धा अवयव सापडलेला नाही. ४२९४९६७२९७ पासून पुढच्या सलग अठ्ठावीस फर्मा संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे. एकोणतिसावी, म्हणजे दोनाचा ८५८९९३४५९२ वा घात अधिक एक, अद्याप अनिर्णित आहे. ती मूळ निघाल्यास सुसम बहुभुजांची संख्या एकतीसवरून त्रेसष्टवर जाईल.